काळ्या मातीची गच्ची

शेळगाव,
शनिवार, २२ मार्च २०२५

प्रिय अंजली,

सप्रेम जय भीम.

आज सकाळी ती काच तडकली आणि तिथून माझं सगळंच बदललं. कुठली काच ते सांगतो. आधी तुझी तब्येत कशी आहे? खोकला थांबला का? आमच्या मोनालीला मुलगी झाली. नाक आईचं आणि रडणं मामाचं, असं घरात सगळे म्हणतात. मामा म्हणजे मी.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, त्याबद्दल तक्रार नाही. बारामतीला कॉलेजात तुझ्याबद्दल वाकडं बोलला म्हणून त्या पोराच्या मी कानाखाली वाजवली, तेव्हा तू एवढंच विचारलंस, "माझ्यासाठी मारामारी कर म्हणून मी सांगितलं होतं का?" सिव्हिलचा डिप्लोमा अर्ध्यावर सुटला, तूही बोलायची थांबलीस. म्हणून हा कागद.

तुझ्या तात्यांच्या अभ्यासिकेबद्दल लिहायचंय, तू रोज उघडतेस ती. त्या इमारतीचा नळ न् नळ माझ्या हातचा आहे. राखेच्या विटा, उत्तरेच्या मोठ्या खिडक्या, भर दुपारी दिवा न लावता पोरं वाचतात, छपराचं पाणी खड्ड्यात मुरून बोअरला लागतं. पुण्याच्या सल्लागार मॅडम पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या, हरित इमारत म्हणजे हिरवा रंग फासणं नव्हे. वीज कमी, पाणी कमी आणि आत बसणाऱ्याला सुखाचा श्वास. टाळ्या वाजवल्या आपण. मला हल्ली त्यातलं "आत बसणाऱ्याला" एवढंच ऐकू येतं.

उद्या हरित इमारतीचे प्रमाणपत्रवाले तपासायला येणार. गच्चीवरची हिरवळ टवटवीत दिसावी म्हणून आठवडाभर वर पाणी सोडलंय. रोज. मी मोटार बंद करतो, कुणीतरी परत चालू करतं.

मॅडमनी गच्चीसाठी हलकं मिश्रण सांगितलं होतं. नारळाचा भुसा, गांडूळखत, माती अगदी थोडी. स्लॅबचा हिशोबही तेवढ्याच वजनाचा. त्याऐवजी कुणाच्या तरी रानातली काळी माती वर चढली, गुडघाभर. "जवळचं साहित्य वापरलं की गुण मिळतात," असंही कुणीतरी म्हणालं. ते खोटं नव्हतं. पण काळी माती आपण लहानपणापासून बघतोय. पाणी पिते आणि सोडत नाही. पावसाळ्यात चपलेला चिकटली की पाय उचलत नाही. गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या पाइपांत तीच जाऊन बसलीय. मी काढतो, परत बसते.

फेब्रुवारीत हॉलच्या छताला पंख्याच्या हुकाजवळ ओल दिसली, मग केसासारखी चीर. कुणाला सांगून काही होईना. म्हणून कॉलेजच्या लॅबमधली काचेची एक पट्टी माझ्याकडे राहिली होती, ती चिरेवर आडवी बसवली, दोन्ही टोकांना एम-सील लावून. आमचे सर म्हणायचे, चीर जुनी का चालती ते डोळ्याला कळत नाही, काचेला कळतं. चीर हलली तर काच तुटते.

मी रोज खाली उभा राहून बघायचो. तुला वाटायचं तुझ्याकडे बघतोय. तुझी खुर्ची बरोबर त्या हुकाखाली आहे, अंजली. बघत दोन्हीकडे होतो.

आज काच मधोमध तुटली.

तसाच पळत तुमच्या घरी गेलो. तू दळणाला गेली होतीस. तात्या ओसरीवर बसून उद्याच्या भाषणाची तयारी करत होते. मी म्हणालो, "तात्या, काच तुटली. उद्या पोरं आत बसवू नका."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तूच फोडली असशील."

"मी कशाला फोडू?"

"माझी पोरगी मागाया आलतास, मी म्हनलं आधी डिप्लोमा पुरा कर. तवापासून तुला माझ्या इमारतीत चिरा दिसाया लागल्यात. डिप्लोमा अर्धा अन् अक्कल दुप्पट! जा, फुलांच्या कुंड्या रंगव."

माझी मूठ वळली होती. खरं सांगतो, वळली होती. तुझा प्रश्न आठवला आणि सैल सोडली. मॅडमना फोन लावला, लागला नाही. स्लॅबवाले इंजिनिअर इंदापूरला लग्नात आहेत. मागं बँजो वाजत होता, ते म्हणाले, "सोमवारी बघू की, एवढं काय हाय?"

सोमवारी. आणि उद्या रविवारी तात्या सगळ्या पोरांना गणवेशात त्या हॉलमध्ये बसवणार आहेत.

मघाशी वर लिहिलं, कुणाच्या तरी रानातली माती. कुणाच्या तरी नाही. तुमच्या ओढ्याकाठच्या रानातली. तात्यांनी स्वतः ट्रॅक्टरवर बसून आणली. "भुश्यात कुटं हिरवळ येती व्हय? ही बघा माती," म्हणून मूठभर मॅडमच्या हातावर ठेवली होती. आजोबांनी मोलमजुरी करून घेतलेलं ते रान. तुम्हा सगळ्यांना त्या मातीचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा. म्हणून लिहवत नव्हतं. उद्या काही झालं तर लोक तात्यांना धरतील. तात्या वाईट नाहीत गं. आपलं सगळ्यात चांगलं होतं ते त्यांनी वर नेऊन ठेवलं.

मलाही शंका आली होती, मी सूड तर उगवत नाही ना? म्हणूनच तर काच लावली. काचेला तू आवडत नाहीस, आणि तात्यांचा रागही नाही.

हे मी बाजूच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून लिहितोय. मधल्या दारातून हॉल दिसतो. तुझी ओढणी खुर्चीवर राहिलीय, पिवळी. दहा पावलांवर आहे. मारामाऱ्या करत हिंडणारा मी, आणि ती आणायला आत जायचं धाडस होत नाही. मघापासून दोनदा उठून उंबऱ्यावरून मागे फिरलो. वरून माती पडल्यासारखं बारीक काहीतरी वाजतंय. कदाचित उंदीर असेल. उंदीरच असू दे.

मोटारीची वायर काढून खिशात घातलीय. हॉलच्या पुढच्या दाराला माझ्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप लावलंय. चार वाजता तू उघडायला येशील, तुझी किल्ली लागणार नाही. चिडशील. कडीत हा कागद असेल. वाचून झाल्यावर तात्यांना हाक मार, माझ्या नावानं शिव्या दे, पोलीस बोलव, काहीही कर. फक्त आत कुणी जायचं नाही आणि गच्चीवर तर मुळीच नाही. दुसरा इंजिनिअर येऊन खाली टेकू लावून बघेल, मगच. तो म्हणाला काही धोका नाही, तर तुमच्या दारात येऊन सगळ्यांदेखत तात्यांचे पाय धरीन. तसंच व्हावं असं मला फार वाटतंय.

प्रमाणपत्र जाईल. तू तर गेलेलीच आहेस.

ओढणी आतच राहू दे, तेवढी माफ कर. मधलं दार ऑफिसच्या बाजूनं घट्ट लावलं. आता बाहेर पडतो आणि हेही दार ओढून घेतो.

तुझा, असं लिहायचा हक्क नाही. पण चार वाजता दाराबाहेर उभा असलेला,

बुद्धभूषण