चोवीसच्या पुढे

६ नोव्हेंबर १९९५

नाही! चोवीसच्या वर जातच नाही. आमच्या कंपनीच्या छपाईच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत प्रत्येक फॉन्टला आकारांची ठरलेली यादी – आठ, दहा, बारा, चौदा, अठरा, चोवीस. संपलं. ताणून मोठं करायला जावं तर अक्षरांना पायऱ्या पडतात, काना कुठे नि वेलांटी कुठे!

काल आईला तिच्या पोथीचं एक पान चोवीसमध्ये छापून दिलं. जवळ नेलं, लांब धरलं. "अजून जरा मोठं कर ना गं." काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी साफ सांगितलंय. मी वाचून दाखवते म्हटलं तर केवढी चिडली – "माझी पोथी मीच वाचणार!" बाबा गेले तेव्हाही तिने वाचन चुकवलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

नवा देवनागरी फॉन्ट आला. रेषांनी आखलेला, हवा तेवढा वाढतो म्हणे. टाकला – आणि मेनूत त्याचं नावच नाही! दिवसभर डोकं आपटलं. आमचा मॅनेजर खुराना म्हणाला, "वैजयंती जी, छोड़ो यार. हिंदी-मराठी माँगता कौन है? अगले हफ़्ते निकाल दो." माझी आई मागते, असं म्हणावंसं वाटलं.

नोएडाहून गाझियाबादपर्यंत बसमध्ये रडत आले. बघेनात का लोक.

१३ नोव्हेंबर

काही नाही. सगळं फुकट. आईने आज विचारलंसुद्धा नाही.

१६ नोव्हेंबर

सापडलं! गाढव मीच. या फॉन्टची आकारांची यादी रिकामी आहे, कारण त्याला कुठलाही आकार चालतो. आणि मी प्रोग्राममध्ये काय लिहून ठेवलंय? यादी रिकामी म्हणजे एकही आकार नाही, फॉन्ट वगळा! 'कोणताही आकार चालेल' असा वेगळा रकाना जोडला. बहात्तर टाकलं – अहाहा! एकेक अक्षर लिंबाएवढं. एका पानावर पोथीची जेमतेम पहिली ओवी मावली. खुरानाही बघून म्हणाला, "अच्छा, रहने दो."

उद्या आईला देते. किती दिवसांनी भूक लागलीय.

१७ नोव्हेंबर

आईने पान हातात घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि कुठेही न अडखळता अख्खी ओवी म्हटली. "किती स्वच्छ दिसतंय गं!"

छापलेली बाजू माझ्याकडे होती.