कांताचा घसा

१२ जाने. ५६, गुरुवार

कांता गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय चाललंय? "तांदूळ विणते." तिच्या गुजरातीत वीणवुं म्हणजे निवडणं. काकू म्हणाल्या, "विण हो. आमच्या ह्यांनाही एक बंडी विण तांदळाची, थंडी फार वाजते." गॅलरी हसली. कां.ही हसली. मला जमलं नाही. कोणी विचारलं नसताना सांगून टाकलं, "तिचं लहानपण बडोद्याला गेलं ना, म्हणून." बडोदा तिनं पाहिलेलंही नाही. जन्म आफ्रिकेत, मोंबासाचा, माझ्यासारखाच. तिथं आम्ही नवरा-बायको नुसते हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातले, होतो. इथं गिरगावात, मामांच्या खोलीत येऊन दोन महिने झाले, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मराठी असणं शिकतो आहे. कॉलेजसाठी इथं राहिलो तेव्हा हे शहर असं नव्हतं. की मी एकटा होतो म्हणून?

१६, सोम.

संध्याकाळी इराण्याच्या रेडिओवर: मुंबई केंद्राकडे, महाराष्ट्राला नाही. काकूंचे यजमान अण्णा जिन्यातच बसले, मला म्हणाले, "गिळली हो, वैद्य. शेठजींनी मुंबई गिळली." फार वाईट झालं, म्हणालो. मनापासूनच. पण गॅलरीच्या टोकापर्यंत ऐकू जावं इतकं मोठ्यानं का?

१७

कोपऱ्यावरच्या गुजराती वाण्याचं दुकान फोडलं. मग लाठ्या, अश्रुधूर. कां.ला म्हटलं, बाहेर बोलू नकोस. घसा बसलाय असं सांगू. "केटला दिवस?" किती दिवस, ते मला कुठं ठाऊक.

तिनं आपणहून पदर उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतला, इथल्या बायकांसारखा. मी सांगितलं नव्हतं. नको, असंही म्हणालो नाही.

१९

संचारबंदी. ठाकुरद्वाराकडून गोळीबाराचे आवाज. काकू स्वतः सुंठीचा काढा घेऊन आल्या. "सगळा पी. आणि बोलू नको गं मुळीच, घशाला आराम दे." कां.नं मान हलवली. दार लावल्यावर मात्र माझ्यावर उसळली, "हुं मूंगी छुं? मुकी आहे मी? तुम्ही भिता कुणाला? या बाईला?"

 अण्णांना भितो. नाही, तेही खरं नव्हे. अण्णा सज्जन आहेत. खाली फाटकाशी जमतात त्या पोरांना भितो. आणि अण्णा त्यांना काय सांगतील, याला.

२१, शनि.

मधू गेला. काकूंच्या बहिणीचा मुलगा, परळला गिरणीत होता. पोटात गोळी. निरोप आला तशा काकू गॅलरीत खालीच बसल्या. मी कां.चा हात धरायच्या आत ती तिथं पोचली होती. "अरे राम, हजी तो छोकरो हतो! रडो बेन, रडो..." अजून पोरच होता म्हणत, काकूंना कवटाळून, मोठमोठ्यानं, सगळं गुजरातीत. भोवती सगळे बिऱ्हाडकरू. कोणी हललं नाही. काकू तिच्या खांद्यावर तशाच रडत राहिल्या.

अण्णा दारात. आधी कां.कडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बडोदा," एवढंच म्हणाले. काकूंना उठवून आत नेलं. दार लावलं.

२२, रवि.

मामेभावाकडे शीवला जाऊ म्हटलं. ट्रंक ओढली. कां.नं तिकडे पाहिलंही नाही. पिठलं-भात करत होती. काकूंकडे कालपासून चूल पेटलेली नाही. इथल्या रीती तिला मी शिकवल्या नाहीत, कुठं शिकली?

"जाते," म्हणाली.

निदान मराठीत तरी बोल, म्हणालो. तर म्हणते, "मराठीत माझी चूक होते. आज त्या घरात चूक नको."

कडी वाजवली. अण्णांनी उघडलं. पातेल्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग बाजूला झाले. कां. आत गेली. दार पुन्हा बंद.

मी मागोमाग जायला हवं होतं. उंबऱ्याशी बसून हे लिहितो आहे. भिंतीपलीकडे दोघी बोलताहेत. कोणत्या भाषेत, ते कळत नाही.

खालून कोणी अण्णांना हाक मारतंय. पुन्हा. "अण्णा, खरं काय हो ते? ती बाई गुजराती...?"

अण्णा बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं नाही. कठड्यावर दोन्ही हात ठेवून खाली वाकले आहेत. आता ते काय सांगतात...