फाटकाजवळचा ड्रम

ता. ४ मार्च

ती. ताईस,
तुझ्या वैतागलेल्या धाकट्याचा सा. न.

शिवणकारखान्याची ड्रेनेज लाइन पुन्हा तुंबली. मामाच्या हाताखाली नळकाम करतो, म्हणजे हात घालायला मीच. निघालं काय? पॅड! डोकं फिरलं. अंगणात उभा राहून ओरडलो, की संडासात टाकताना लाज कशी वाटत नाही? नेमकी समोर ती, काजं करणारी. जिच्यापायी कॉलेज अर्धवट सोडून इथे आलो, तीच! तेव्हापासून मला पाहिलं की भिंतीकडे बघते.

बरं, सोयही केली. फाटकाजवळ, वॉचमनच्या खुर्चीशेजारी, झाकणाचा मोठा ड्रम ठेवला. लाल रंगात लिहिलं, ‘पॅड इथेच टाका’. एकीनेही टाकलं नाही. लाइन पुन्हा तुंबली! आता काय पाय धरू?

लोभ असावा, निदान तुझा तरी.
तुझा भाऊ

ता. ९ मार्च

चि. भडकूस,
अ. आ. आणि एक धपाटा.

अरे गाढवा, आजी कापडाच्या घड्या धुऊन साडीखाली लपवून वाळवायची. विरल्या की उजाडायच्या आत परसात पुरायची. आई पॅड आंघोळीच्या पाण्याखालच्या जाळात टाकायची. वास कसला म्हणून तूच नाक मुरडायचास. माझ्या शाळेत तर डबाच नव्हता. कागदात गुंडाळून, दप्तरात जेवणाच्या डब्याला खेटून दिवसभर वागवलंय मी. तीन पिढ्या आम्ही कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधतोय, आणि तू ती दिलीस वॉचमनच्या मांडीशी!

तिची माफी माग. मग डबा कुठे हवा, ते तिलाच विचार. शहाणपण शिकवू नकोस.

माया आहेच, अक्कल तेवढी तू आण.
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न.

माफी मागितली. ती भिंतीकडे बघतच म्हणाली, की डबा आत हवा, संडासाच्या कडीच्या आत, आणि खिळ्याला जुने कागद. तसं केलं. लाइन वाहतेय.

आज ती स्वतःहून आली. मी हातातला पाना खाली ठेवला. तर म्हणे, डबे भरलेत, नेणार कोण? मी मामाकडे पाहिलं, मामाने वॉचमनकडे, वॉचमनने आभाळाकडे. शेवटी एक पिशवी मी उचलली, दुसरी तिने. कोपऱ्यावरच्या कचरागाडीपर्यंत वाटभर मला झापत होती. आणि गाडी पुढच्या नाक्यावर निघून गेलेली! एरवी त्या गाडीवाल्याच्या नावाने खडे फोडले असते.

आम्ही चालत गेलो, ताई. सावकाश.

तुझा भाऊ