पडद्यावरच्या सासूची निरवानिरव

मी, खो ग्योक-इन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय नटी, राहणार पेइतौ, तैपेई, असे जाहीर करते की माझे चित्त ठिकाणावर आहे, कान थोडे मंदावले आहेत आणि जीभ पूर्वीइतकीच धारदार आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने सांगत आहे व वकील चिउबाई लिहून घेत आहेत. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. या बेटावर दडपण आणणारी म्हणून मीच प्रसिद्ध होते.

१. टेकडीवरचे माझे राहते घर, गरम झऱ्याच्या नळासह, माझी सून तान बी-हुई हिच्या एकटीच्या नावे करावे. मुलगा बुन-ते याने वाईट वाटून घेऊ नये; कारण सांगते. आमच्या तैवानी बोलीतल्या सिनेमांची लाट आली तेव्हा मी फिरती नाटकमंडळी सोडून इथे आले. वय पस्तीस. केसांना खडू फासून मला सासू केले, आणि पुढची बारा वर्षे मी पडद्यावर सुना छळल्या. बाजारात मासळीवाली मला मासा देईना. "पोरीला उपाशी ठेवतेस आणि स्वतः पापलेट खातेस होय गं?" बुन-तेचे लग्न ठरवायला बसलो तर बी-हुईच्या आईने डोळ्यांना रुमाल लावला. "त्या बाईच्या घरात माझी पोर? त्यापेक्षा विहिरीत ढकलीन."

बी-हुई शांतपणे म्हणाली, "आई, विहिरीत ढकलायचं काम त्यांचं आहे. तू कशाला त्रास घेतेस?"

मी त्याच क्षणी होकार दिला. अशा मुलीला घराबाहेर काढण्याची सोय कायद्याने कुणालाही राहू नये, माझ्या मुलालाही नाही.

२. पोस्टातली शिल्लक बुन-ते याला. हे पैसे मी एक शब्दही न बोलता मिळवले आहेत. आमचे सिनेमे हळूहळू बंद पडले. टीव्हीवर सरकारी भाषा मंदारिन लागे, आमच्या बोलीला जागा थोडी, आणि मंदारिन मला भाव करण्यापुरतीही येत नाही. मी एका शेवयांच्या दुकानात भांडी घासू लागले. एक दिवस दारात लिउ सुई-होंग उभी. त्या सगळ्या सिनेमांत जिला मी झोडपले, ती ही सून.

"अक्का, हात पूस. काम आणलंय."

"मला त्यांची भाषा येत नाही, सुई-होंग."

"बोलायचंच नाही. आजी मुकी आहे."

टीव्ही मालिकेच्या मूळ लेखनात आजी मुकी नव्हतीच, हे मला फार उशिरा कळले. सुई-होंगने दिग्दर्शकाला अट घातली होती: मी काम करीन, पण आजी ग्योक-इन आणि तिला संवाद नाहीत. लेखक चिडला, तिचीच भूमिका जायची वेळ आली, ती हटली नाही. पहिल्या दिवशी सुनेला, म्हणजे सुई-होंगलाच, निरोप देण्याचा प्रसंग होता. मी हात उचलला तशी तिने जुन्या सवयीने गाल चुकवला. मी तिचे केस कानामागे सारले. ती खरीच रडली. दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले. पुढे बाजारात बायका माझ्या पिशवीत फळे टाकू लागल्या, आणि मला मुकी समजून माझ्याशी हातवारे करून बोलू लागल्या. मीही बरीच वर्षे त्यांचा भ्रम मोडला नाही.

३. थोरला भाऊ किम-सेंग. मी सासू होते तेव्हा तो म्हणे, "ही आमची कुणी नव्हे." मी आजी झाल्यावर तो फोटोग्राफर घेऊन आला. तो फोटो चौकटीसह त्याला द्यावा. त्यात मी हसत नाही.

४. रंगपेटी नातीला, कारण तिला नटी व्हायचे आहे. खाष्ट बाईचे काम आले तर नाही म्हणू नकोस. लोक शिव्या देतात म्हणजे ते बघत असतात.

५. माझ्या अंत्ययात्रेत भाड्याने रडणाऱ्या बायका आणू नयेत. त्या कामातले मला कळते. नीट केले नाही तर मला राहवणार नाही.

६. सुई-होंगला माझी जेडची बांगडी द्यायचे ठरवले होते. चिउबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही.

"मग बांगडी राहू दे," सुई-होंग म्हणाली. "साक्ष मी देणार."

"वेडी आहेस का? अस्सल जेड आहे."

"अक्का, तुझ्याबद्दल लोक नाही नाही ते बोलले. एकदा तरी खरं काय ते माझ्या सहीनं राहू दे."

सबब, लिउ सुई-होंग हिला या मृत्युपत्रान्वये काहीही देण्यात आलेले नाही. बांगडी मी आत्ताच, साबण लावून, तिच्या हातात चढवली आहे. जिवंतपणी दिलेले मृत्युपत्रात येत नाही, असे चिउबाई म्हणतात.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, दोन ठिकाणी दुरुस्त केले.

खो ग्योक-इन (अंगठा)

साक्षीदार:
चिउ ली-चेन, वकील, लिहून घेणार
लिउ सुई-होंग, नटी
कांग आ-तिन, शेजारी, गरम झऱ्याच्या स्नानगृहाचे मालक

पेइतौ, तैपेई
१२ नोव्हेंबर १९९६