डेव्हलपरमधलं पाणी

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही. वडशाच्या तुमच्या स्टुडिओत मी काम शिकले. अंधारात फिल्म रिळावर कशी चढवायची ते तुम्हीच दाखवलंत. माझा पहिला लाइट मीटरही तुम्हीच दिलात. तो अजून चालतो. म्हणून राग जास्तच येतो.

जंगलातल्या गावाहून एक माणूस आला होता, आपल्या मायचा फोटो काढायला बोलवायला. म्हातारीला चालवत नव्हतं, म्हणून तुम्ही मला पाठवलंत. अजून दिसतं, ती मोहाच्या झाडाच्या सावलीत बसली आहे, पांढरं लुगडं, कपाळावर गोंदण, नजर थेट कॅमेऱ्यात. मी मीटर तिच्या गालाजवळ धरते, तो सांगतो तेवढाच उजेड घेऊन फोटो काढते. त्या आठवड्यात नागपूरहून फिल्म धुवायच्या डेव्हलपरची पावडर आली नव्हती. उरलेल्या द्रावणात तुम्ही तेवढंच पाणी ओतलंत, पण फिल्म आत ठेवली नेहमीएवढीच मिनिटं. निगेटिव्ह फिकट निघाली. फोटोत लुगडं तेवढं उजळ, चेहऱ्याच्या जागी काळा डाग.

तो माणूस फोटो न्यायला आला तोवर माय गेली होती. त्यानं फोटो उजेडात धरला, वाकडा करून पाहिला. "मायचे डोये कुठी आहेत, भाऊ?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी काय करू बाप्पा, तुमचा रंगच तसा आहे." मग त्याच्यासमोर माझ्याकडे वळलात. "तुले किती खेपा सांगतलं, सावलीत जास्त लाइट घेत जा म्हून? ध्यान कुठी राह्यते तुयं?"

पुढे चंद्रपुरात माझी स्वतःची डार्करूम झाली, तेव्हा शेजारणीला सावलीत बसवून एकाच उजेडात फोटो काढले आणि त्या फिल्मचे तीन तुकडे केले. पहिला नेहमीच्या द्रावणात धुतला. दुसरा दुप्पट पातळ द्रावणात, तेवढाच वेळ. चारशे स्पीडची फिल्म जणू दोनशेची झाली, उजेड निम्माच टिपल्यासारखी; सावलीतलं काही उमटलंच नाही. तिसरा त्याच पातळ द्रावणात, पण जास्त वेळ आणि डबा कमी हलवून. शेजारणीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा आल्या. भाऊ, पाणी घालायला माझी हरकत नव्हती. वेळ वाढवायचा होता, काही मिनिटं फक्त. तेवढी मिनिटं त्या म्हातारीच्या वाट्याला आली नाहीत, आणि वर तुम्ही खापर फोडलंत तिच्या कातडीवर. तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. तुम्हाला ते ठाऊक होतं.

हे पत्र वहीतच राहील. तुमचं सगळं लिहिलं, माझं एक राहिलं. त्या दिवशी फोटो दुपट्ट्यात गुंडाळून तो माणूस स्टुडिओच्या पायरीवर थांबला होता. मला हळूच म्हणाला, "बाई, खरंच आमच्या रंगानं झालं काय?" पाणी ओतताना मी तुम्हाला पाहिलं होतं. मिनिटांचं गणित तेव्हा कळत नव्हतं, पण रंगाचं कारण खोटं आहे एवढं कळत होतं. मी हो म्हणाले.