पक्षी माझा नव्हता

सायकमोर फोर्क, मिझुरी
मंगळवार, २३ एप्रिल १९७४

चि. रोवीनास आजीचे अ. उ. आ.

वि. वि. सगळ्यांत आधी उगवली ती फ्लॉसी, दुकानवाली. भट्टीत माझी बिस्किटं अजून फुगत होती, आणि ही बाई लोणच्याची बरणी छातीशी धरून दारात उभी. तोंड असं, जणू आमच्या घरात कोणी गेलंय. मी म्हटलं, अगं, झालं तरी काय? तर माझा हात हातात घेऊन म्हणते कशी, ओलीटा, धीर धर, वय कोणाला चुकलंय. डोक्यावर ती चेरीवाली टोपी. लग्नाला तीच, मयताला तीच. तिच्या मागून पाद्रीबाई आल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी. ओसरी भरली, कॉफीची किटली दोनदा चढवली, आणि मला पत्ताच नाही की दुःख नेमकं कसलं करायचंय! सांगू का, मला माणसं आली की बरं वाटतं.

तर झालेलं असं. काल टर्कीच्या शिकारीचा हंगाम उघडला. तुझे आजोबा आणि त्यांचा चुलतभाऊ ऑर्व्हिल उजाडायच्या आत वरच्या कड्यावर जाऊन बसले. आजोबा पुढे, पडलेल्या ओकला पाठ लावून. ऑर्व्हिल बराच मागे, उतारावर. आजोबांनी टर्कीला बोलवायची आपली ती दगडी पाटी काढली, मक्याच्या कणसाची मूठ असलेल्या काडीनं घासली आणि मादीची साद घातली. समोरून नर बोलला. हा चार वर्षं सगळ्यांना झुलवणारा म्हातारा नर, ज्याची छातीवरची दाढी जमिनीला लागते म्हणतात तो. आला, पिसारा फुलवला, आजोबांच्या पुढ्यात मिरवत राहिला. ऑर्व्हिल म्हणतो, मी टोपी फेकली असती तरी लागली असती. आणि तुझ्या आजोबांनी काय केलं? काही नाही. बंदूक गुडघ्यावर होती ती हळूच खाली ठेवली. नर मिरवून मिरवून कंटाळला आणि निघून गेला.

ऑर्व्हिलच्या पोटात तीळ भिजत नाही. तो घरी जायच्या आधी दुकानात गेला. आता सगळ्या खोऱ्यात एकच बोलणं, हर्शल मॅबरीला, म्हणजे तुझ्या आजोबांना, दिसेनासं झालं.

मी त्यांना विचारलं. बूट काढता काढता एवढंच म्हणाले की पक्षी माझा नव्हता. रानातल्या पाखराला काय डुकरासारखी कानावर खूण असते, हा आमचा, तो तुमचा? मी तसं म्हटलंही. तर उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. कोंबड्यांना मी आधीच टाकले होते. जाड होणारेत मेल्या.

तुझ्या बापाला यातलं काही कळवू नकोस. मी तिसरी शिकलेली, अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी
ओलीटा


सेंट लुई
शनिवार, २७ एप्रिल

ती. सौ. आजीस रोवीनाचा सा. न.

वि. वि. तुझं पत्र यायच्या आधीच बातमी आली. ऑर्व्हिलकाकांनी दुकानातून बाबांना फोन केला. मी जेवायला गेले होते तेव्हा बाबा बटाटे तसेच ठेवून उठलेले. आई म्हणाली, सकाळपासून घरात येरझाऱ्या घालताहेत.

तुला लपवून काही सांगत नाही. बाबा रविवारी, पाच तारखेला, मोटार घेऊन येणार आहेत. आजोबांची बंदूक इकडे आणायची आणि तुम्हा दोघांनाही. मागची खोली त्यांनी पिवळी रंगवून घेतली आहे. मी म्हटलं, आजोबांना विचारलंत का? तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, आज समोरचा पक्षी दिसला नाही, उद्या झुडपामागचा माणूस पक्षी वाटेल, मग काय करशील? गेल्या साली शेजारच्या तालुक्यात तसंच झालं, हे तुलाही ठाऊक आहे. आणि ते खोटं नाही, आजी.

पण मला एक राहून राहून वाटतं. मला शिकार शिकवताना आजोबा म्हणायचे, नजर शेवटी वापरायची, आधी कान. त्यांना काही दिसलं नाही असं असेल, पण ऐकू काय आलं? ऑर्व्हिलकाकांना विचारून उपयोग नाही. त्यांचा एक कान करवतीच्या गिरणीत गेला आणि दुसरा बायकोच्या धाकानं.

कारखान्यात बुटांच्या पेट्यांवर माझ्याकडून दोन चिठ्ठ्या उलट्या चिकटल्या. लक्षच नाही. तू काय ते शोधून काढ. तुझं अक्षर मला छान लागतं, फक्त ‘लोणचं’ तू दर वेळी नव्या तऱ्हेनं लिहितेस. नातीवरचा लोभ जुन्या मुरंब्यासारखा राहू दे.

तुझी
रोवीना


सायकमोर फोर्क
बुधवार, १ मे

चि. रोवीनास अ. उ. आ.

वि. वि. पिवळी खोली! तुझ्या बापाला लहानपणी पिवळा सदरा घातला तर रडून घर डोक्यावर घ्यायचा. असो.

मी शोध लावायला बसले. सोमवारी गोधडी काढली आणि म्हटलं, अहो, माझ्या सुईत दोरा जाईना. ती माझी सर्वांत बारीक सुई. त्यांनी उजेडाकडे धरलीही नाही, एका झटक्यात ओवून दिली आणि वर म्हणाले की उजवीकडची शिवण उसवली आहे. होती की गं उसवलेली! मग डोळ्यांचं काही नाही. पण मग माझा घोर वाढला. डोळे नाहीत तर काय? माणसाचं मन उडालं का? माझे वडील शेवटच्या वर्षी असेच झाले होते, कुऱ्हाडीला धार लावायचे आणि लाकूड फोडायचे नाहीत.

हेही रोज उजाडायच्या आत उठतात, बंदूक घेत नाहीत, ओसरीवर उभे राहून कड्याकडे कान लावतात. तो नर तिकडे गुरगुरतो, हे इकडे फेऱ्या मारतात. फळी वाजते, मी अंथरुणात जागी. डोंगरावर डॉगवूड फुलून पांढरा झालाय, टोपलीभर अळंबी तळून पुढ्यात ठेवली, तर दोन खाल्ली. अळंबी ज्यांनी कधी मला उरू दिली नाहीत ते!

आणि काल एक नवल. जेवता जेवता विचारतात की टकेटचा अ‍ॅम्ब्रोज हल्ली एकटाच जातो का रानात. बारा वर्षं हे नाव या घरात नाही. तुला आठवत असेल थोडंफार. आपल्या डोंगरात कायदा एकच, ज्याच्या हाकेला पक्षी येतो त्याचा तो. आजोबांनी पहाटेपासून ओढ्यापलीकडून बोलावून आणलेला नर अ‍ॅम्ब्रोजनं मध्येच टिपला. तो म्हणे, माझ्या डबीला आला. हे म्हणे, माझ्या पाटीला आला. आणि चीड याची की ती सीडरची डबी, झाकण घासलं की मादीसारखी बोलणारी, यांनीच त्याला स्वतःच्या हातानं करून दिलेली. तेव्हापासून चर्चमध्ये ते डावीकडे, आम्ही उजवीकडे. त्याची बायको डोवी आणि मी दुकानात पिठाच्या पोत्यांआड चार शब्द बोलतो तेवढंच. एका वर्गात बसलेल्या आम्ही, आणि चोरासारख्या बोलतो.

मी म्हटलं, अ‍ॅम्ब्रोजचं काय मध्येच? तर म्हणाले, काही नाही, वाटाणे वाढ.

रविवारी तुझा बाप डेल्मर येणार, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. धीर होत नाही. या माणसाला मी पिवळ्या खोलीत कशी बसवू? तिथं ओसरी तरी आहे का? उलटटपाली लिही, माया राहू दे.

आजी


सायकमोर फोर्क
सोमवार, ६ मे

चि. रोवीनास पोटभर आशीर्वाद.

वि. वि. बस, आधी बस खाली. उभ्यानं वाचण्यासारखं नाही.

काल चर्चहून आम्ही येतोय तोच तुझा बाप आला. डिकी रिकामी करून, दोरखंड घेऊन. माझ्या मिठीत होता तरी नजर भिंतीवरच्या बंदुकीकडे. आजोबा ओसरीवर खुर्चीत. डेल्मर समोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला, खोली, डॉक्टर, बंदूक. म्हणाला, अप्पा, मला तुमची लाज राखायची आहे, पण कोणाचा जीव जायची वाट बघणार नाही. मी दारात चिंध्या पिळते तसा एप्रन पिळत उभी.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग वळणाकडे हनुवटी करून म्हणाले, तुझं ठीक आहे, पण आधी ताट वाढायला सांग, पाहुणे येताहेत. डेल्मरनं पाहिलं. मी पाहिलं. मला तर बाई नुसती धूळ दिसली. आजोबा म्हणाले, डोवी आहे, डावा गुडघा ओढतेय, हातात निळ्या काठाच्या बशीत भाजलेली गोड पाई आहे, रूबार्बच्या आंबट देठांची असावी, रस गळालाय. आणि तिच्या मागे एक जण प्लमच्या झाडीत थांबलाय, त्याला थांबू दे. तुझ्या बापानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्याला धुळीत काहीतरी हललेलं दिसलं! मला इतकं हसू आलं की एप्रनच तोंडात कोंबला.

डोवीच होती. बशी निळ्या काठाचीच. रस गळालेलाच. बारा वर्षांनी माझ्या पायरीवर पाऊल ठेवलंन, आणि ना नमस्कार ना चौकशी, सरळ आजोबांना म्हणाली की हर्शल, माझा नवरा जेवत नाही. हंगाम उघडला त्या दिवशी घरी आला तो गप्प. मी आज चर्चमधून येताना त्याला रस्त्यात उभा केला आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय घरात पाऊल टाकू देणार नाही. तेव्हा बोलला.

तर रोवीना, अ‍ॅम्ब्रोजही त्याच कड्यावर होता! नराच्या पलीकडच्या अंगाला, दगडाआड. तो डबी घासत होता, आजोबा पाटी घासत होते. तो नर दोघांच्या मधोमध. अ‍ॅम्ब्रोजला पाटी ऐकू आली. डोवी म्हणाली, साद संपताना एवढीशी उचकी लागते, तशी पाटी सगळ्या परगण्यात एकाचीच. एकदा मी या माणसाचा पक्षी घेतला, पुन्हा घेणार नाही, असं म्हणून त्यानं बंदूक खाली ठेवली.

मी आजोबांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, आपल्याच कुंपणाच्या खांबाचं लाकूड, मीच तासलेलं, मला त्या डबीचा आवाज कळणार नाही? पक्षी तिच्याकडेच निघाला होता.

म्हणजे बघ, दोघी माद्यांनी बोलावलं, आणि तो बिचारा नटूनथटून आल्यावर दोघी गप्प! काय म्हणाला असेल तो मनात? मी हे बोलून दाखवलं आणि डोवी पायरीवरच बसली हसत. डेल्मर मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, अप्पा, मग इतके दिवस लोक आंधळा म्हणताहेत ते ऐकून का घेतलंत? आजोबा म्हणाले, सांगितलं असतं तर त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि वर मोठेपणा मिरवल्यासारखं झालं असतं. तुझा बाप खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला.

मग आजोबा उठले, कठड्याशी गेले आणि झाडीकडे बघून ओरडले की पाई तुझ्यासाठी गार होऊ देणार नाही मी. अ‍ॅम्ब्रोज आला. टोपी हातात, मान खाली. मला वाटलं आता गळ्यात पडतील. कसलं काय! दुसरा घास पोटात जायच्या आत भांडण. हे म्हणतात, पक्षी तुझा होता. तो म्हणतो, छे, पाटीकडे मान होती त्याची, तुझाच. बारा वर्षं माझा-माझा म्हणून तोंड बघितलं नाही, आणि आता तुझा-तुझा म्हणून टेबल बडवताहेत. डेल्मरनं हातातला काटा उगारून पंच व्हायचा प्रयत्न केला तर दोघंही त्याच्यावर उलटले, की तुला शहरात राहून काय कळतं. तेवढ्यात वर कड्यावरून तो नर गुरगुरला. आणि दोघा म्हाताऱ्यांनी अगदी एकाच वेळी बोट केलं, एकाच झाडाकडे. तुझा बाप त्या बोटांकडे बघत राहिला.

संध्याकाळी तो गेला. बंदूक तिच्या खुंट्यांवरच आहे. दोरखंड आम्ही डिकीतल्या मुरंब्याच्या बरण्या आवळायला वापरले, त्यातल्या दोन तुझ्या, विचारून घे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की पिवळी खोली पाहुण्यांसाठी ठेवतो. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो स्वतः जाणार आहे.

फ्लॉसी आज लोणच्याची बरणी परत मागायला आली, दुःखच नाही तर लोणचं कशाला, असं वाटलं असेल. दिली भरून. हे सकाळी आठ बिस्किटं खाऊन पुन्हा कड्यावर गेले आहेत. अ‍ॅम्ब्रोजबरोबर. दोघांत मिळून एकच बंदूक, ती कोणी धरायची यावरून फाटकापर्यंत वाद ऐकू येत होता. मला काही तो नर या साली मरेलसं वाटत नाही.

डोवीची निळ्या काठाची बशी माझ्याकडे राहिली आहे. मुद्दाम मागितली नाही तिनं, मी मुद्दाम दिली नाही. रिकामी बशी परत करायची नसते, तेव्हा काय भरून द्यावं ते सुचव, आणि तूही ये. म्हातारीवर जीव आहे तसाच असू दे.

तुझी आजी
ओलीटा

ता. क. कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी, म्हणजे सव्वीस मेला, गाणी संपली की टकेट दोघंही बशी न्यायला येणार आहेत. गवतावर जेवायची चादर या वेळी दोन्ही घरांत मिळून एकच अंथरायची ठरली आहे.