उजव्या कानावरचे केस

सोमवार, १२ मार्च

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे असंच लिहिणार होतो, पण सुरुवातच खोट्याने नको. छोटीचा पुढचा दात पडलाय, दुकानातल्या प्रत्येक आरशात जाऊन बघून येते. आज दुकान बंद, म्हणून लिहायला बसलोय.

दुकानाची नवी भिंत तू पाहिली नाहीस. एका बाजूला केसांच्या जुन्या तऱ्हांचे फोटो: बाजूचा भांग, तेल लावून मागे वळवलेले केस, सैनिकी काट. दुसऱ्या बाजूला फेड, अंडरकट, कपाळावर मुद्दाम विस्कटलेली झुलपं. मधोमध एकच डोकं दोन्ही तऱ्हांनी दाखवावं, ही अक्कल माझी. आणि डोकं बाबांचं. या वयातही केस कसे दाट आहेत ते तुला ठाऊकच आहे. आधी लाजले, मग खुशीत नवा शर्ट घालून आले. जुना भांग पाडून पहिला फोटो झाला आणि मी मशीन हातात घेतलं.

उजव्या कानापाशी आलो तसे बाबा म्हणाले, "तिथे नको रे. तिथले राहू दे."

"बाबा, आता कान मोकळाच ठेवतात."

"ठेवू देत. माझा नको."

वेगळं दुकान काढून गेलास तेव्हा तू मला हेच बजावलं होतंस. बाबांच्या उजव्या कानावरचे केस सोडायचे, का ते विचारायचं नाही. मी सोडतही आलो. पण त्या दिवशी दुकान भरलेलं, फोटोवाला ताटकळलेला, आणि मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट आहे. फिरवलं मशीन.

कानाची वरची कडच नाही. तिथून मागे गेलेला पांढरा वण. बाबांनी आरशात पाहिलं आणि हाताने कान झाकला. फोटोसाठी तो हात मीच बाजूला केला, दादा.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. तू शिकत होतास, पहिल्यांदा वस्तरा हातात दिला तो त्यांनी स्वतःवरच चालवायला दिला, आणि तुझा हात घसरला. "लोकांना कळलं असतं तर पोराच्या हाताखाली मान कोणी दिली असती?" म्हणाले. म्हणून केस वाढवले, ते कायमचेच. "हे तुझ्यापाशीच ठेव," असंही म्हणाले.

इथवर लिहून उठलो होतो. चहा करून प्यालो, कात्र्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. पुढचं लिहायची लाज वाटतेय.

तो फोटो मी भिंतीवर लावला. शिंपीबुवा मुलाला घेऊन आले होते. ते दाढीला तुझ्याकडेच जातात. त्यांनी विचारलं, "बाबांच्या कानाला काय झालं हो?" आणि सगळं ठाऊक असताना मी हसत म्हणालो, "दादाची पहिली दाढी!" दुकान खदखदून हसलं. मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही. लोक तुझ्या वस्तऱ्याचं नाव काढतात, माझ्याकडे मशीनशिवाय पान हलत नाही, ते कुठेतरी सलत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मग कळलं की शिंपीबुवा तुझ्या खुर्चीत दोन्ही कान हातांनी झाकून बसले, सगळे हसले, आणि तू वस्तरा खाली ठेवलास. तेव्हापासून दाढीचं गिऱ्हाईक परत पाठवतोस म्हणे. त्यांनी गंमत केली रे. त्यांच्या तोंडी ती मी घातली.

बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी स्वतः येऊन फोटो उतरवला. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणारा माणूस टोपी घालून खिडकीशी बसतो. केस वाढलेत, दाढीचं जंगल झालंय. मला हात लावू देत नाहीत.

काल मात्र म्हणाले, "थोरल्याला बोलव. माझी दाढी त्याने करायची, भर दुकानात, सगळ्यांसमोर. वस्तऱ्यानेच. आणि सुरुवात उजव्या कानापासून."

म्हणून हे पत्र. माझ्यासाठी ये असं म्हणायचं तोंड मला राहिलं नाही. बाबांची जुनी लाकडी खुर्ची मी माळ्यावर टाकली होती, ती खाली काढून धुऊन ठेवली आहे. शिंपीबुवांना मी स्वतः बोलावून पुढे बसवीन. बाबांनी कान का झाकला होता आणि मी तो का उघडा पाडला, ते त्यांना आणि सगळ्यांना सांगेन. या वेळी हसणार नाही.

तुझा वस्तरा आण. इथल्या कशाला धार नाही.

बाबा उठले की त्याच खुर्चीत, तुझ्याच हाताखाली मान देणारा,

धाकटा